गावामागच्या जंगलातली शिळावर्तुळे

नागपूर जिल्ह्यातील आमच्या गावामागे सागाचे जंगल आहे आणि शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी तिकडे फिरायला जाण्याचा माझा परिपाठ आहे. फाल्गुन संपता संपता साग निष्पर्ण होतो, तेव्हा एरवी झुडपांत लपलेली जमीन उघडी पडते. अशाच एका सकाळी पांदण सोडून मोहाच्या झाडांकडे वळलो असता जमिनीत अर्धे रुतलेले काळे दगड ओळीने मांडलेले दिसले, आणि त्या ओळीच्या कडेने चालत गेलो तर मी निघालो होतो तिथेच परत आलो. दगडांच्या आतली जागा मुरूम व गोट्यांच्या भरावाने किंचित उंचावलेली होती.

तिथे गुरे चारणाऱ्या ढोरक्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "हे गवळ्यांचे वाडे होत जी, गुरुजी. आमचे आजेबी असंच सांगत." विदर्भात अशा वर्तुळांविषयी गवळ्यांचीच आठवण सांगितली जाते, परंतु नागपूर-काटोल मार्गावरील जुनापाणी येथे जाऊन आल्यावर माझ्या लक्षात आले, की आमच्या जंगलात दिसतात ती त्याच घडणीची लोहयुगीन शिळावर्तुळे असावीत. जुनापाणीला अशी सुमारे 300 वर्तुळे आहेत आणि 1961-62 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे उत्खनन केले होते. ही वर्तुळे दफनाशी संबंधित असून ती उभारणारे लोक घोडा बाळगणारे व लोखंड जाणणारे होते. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या उत्खननात तर घोड्याच्या मस्तकावर चढवायचा तांब्याचा साज मिळाला, आणि पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली.

आमच्या जंगलातल्या वर्तुळाबाबत मात्र माझ्या हातून एक चूक झाली. वर्तुळाच्या कडेला पावसाने उघडे पडलेले तळहाताएवढे खापर मी उचलून घरी आणले. ते बाहेरून तांबडे, आतून आणि काठाशी काळेभोर होते; भांडे भट्टीत पालथे घालून भाजले की काठाला व आतल्या बाजूला हवा पोचत नाही, म्हणून असे दोन रंग येतात. नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयात ते दाखवले, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे नेमके कुठे होते?" मला वर्तुळ सांगता आले, पण कोणत्या दगडाजवळ आणि किती खोलीवर, ते सांगता आले नाही. ती हळहळ अजून जात नाही, कारण जागेवरून हललेले खापर आपली निम्मी हकीकत तिथेच सोडून येते.

त्यानंतर मी काहीही उचलले नाही. शाळेत नकाशे काढण्याची सवय होतीच. तीच कामी आली. टेपने व्यास मोजला, दगड मोजून वहीत आकृती काढली, प्रत्येक छायाचित्रात शेजारी मोजपट्टी ठेवली आणि मोबाईलवरून अक्षांश-रेखांश टिपले. पहिल्या वर्तुळाचा व्यास 14 मीटर आणि दगड 38 भरले. दुसरे वर्तुळ नाल्यापलीकडे सापडले. त्यातले काही दगड कोणीतरी शेताच्या धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, नेलेले दिसत होते.

याच सुमारास त्या उतारावर पाणी अडवण्यासाठी सलग समतल चर खोदायचे ठरल्याचे वनरक्षकांकडून कळले आणि माझी झोप उडाली, कारण आखणी थेट पहिल्या वर्तुळातून जात होती. आकृत्या, छायाचित्रे आणि स्थाननोंदी जोडून मी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे व पुरातत्त्व कार्यालयाकडे अर्ज केले. दोन महिने फेऱ्या मारल्या. अखेर वनरक्षक माझ्यासोबत जागेवर आले, स्वतः दगडांभोवती फिरले आणि चुन्याची रेघ वर्तुळाच्या बाहेरून, उताराच्या खालच्या अंगाने वळवून घेतली.

तिसरे वर्तुळ अजून रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, जाळीत आहे. होळीनंतर पाला झडला की ढोरक्याला बरोबर घेऊन मी ते मोजणार आहे.