आत्ता येईल, आत्ता येईल

मिश्ना वाचतेय सध्या, म्हणजे इ.स. 200 च्या सुमाराला संकलित झालेला ज्यूंचा धर्मकायदा. त्यातल्या केतुबोत या भागात नवऱ्याने बायकोजवळ किती दिवसांनी जायचं याचा चक्क हिशोब दिलाय. कामधंदा नसलेल्याने रोज, मजुराने आठवड्यातून दोनदा, गाढवं हाकणाऱ्याने एकदा, उंटवाल्याने 30 दिवसांतून एकदा, खलाशाने सहा महिन्यांतून एकदा. आणि हा हिशोब पुरुषाच्या इच्छेचा नाहीये, बायकोच्या हक्काचा आहे! अन्न, वस्त्र आणि हे. नवऱ्याने जवळ न जाण्याची शपथ घेतलीच तर हिल्लेल या धर्मगुरूचे लोक म्हणतात एक आठवडा, त्याच्या विरुद्ध मताच्या शम्मायचे म्हणतात दोन, त्यापुढे सरळ सोडचिठ्ठी द्यायची आणि लग्नात ठरलेले पैसेही.

पण म्हणून ज्यू धर्मात संसार आणि धर्म यांच्यात ओढाताण नव्हती असं नाही. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, रव रहूमी या पंडिताची गोष्ट आहे, तो माहोझा गावी रावा नावाच्या गुरूकडे शिकायचा आणि वर्षातून एकदाच, योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या सणाच्या आदल्या दिवशी घरी यायचा. एका वर्षी अभ्यासात इतका गुंगला की निघालाच नाही. इकडे बायको वाट बघतेय, आत्ता येईल, आत्ता येईल. नाही आला. तिच्या डोळ्यातून एक थेंब पडला आणि तिकडे तो ज्या छतावर बसला होता ते कोसळलं, गेला तो. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं त्या दिवशी.

ख्रिस्ती बाजूला पौल या सुरुवातीच्या धर्मप्रचारकाने करिंथकरांना (ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना) लिहिलेल्या पत्रात खरंतर दोन्ही आहे, नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा हक्क, तिच्या शरीरावर त्याचा, एकमेकांना टाळू नका, आणि त्याच अध्यायात सगळे माझ्यासारखे एकटे असते तर बरं, कारण जगाचा शेवट जवळ आलाय, वेळ थोडा उरलाय. पुढे दुसऱ्या वाक्याचंच वजन वाढत गेलं असं मला वाटतं. इजिप्तच्या वाळवंटात अँटनीसारखे एकटे राहणारे साधू, आणि 390 च्या आसपास रोममध्ये जोविनियन नावाचा ख्रिस्ती साधू म्हणाला की लग्न झालेली बाई आणि कुमारिका देवापुढे सारख्याच, तर त्याला धर्मबाह्य ठरवलं आणि जेरोम हा धर्मपंडित त्याच्यावर तुटून पडला. मला जोविनियनचं पटतं.

तरीपण ब्रह्मचर्य म्हणजे नुसता शरीराचा तिरस्कार असं म्हणवत नाही, ते मॅक्रिना या ख्रिस्ती बाईमुळे. रहूमीच्याच, म्हणजे चौथ्या शतकातली, आताच्या तुर्कस्तानातली. बाराव्या वर्षी वडिलांनी लग्न ठरवलं, तो मुलगा लग्नाआधीच वारला. घरचे दुसरं स्थळ बघायला लागले तर ही म्हणाली, तो मेलेला नाही, पुनरुत्थानाची आशा आहे ना, मग तो परगावी गेलाय फक्त, आणि परगावी गेलेल्या नवऱ्याशी बेइमानी कशी करायची? भाऊ ग्रेगरीने लिहून ठेवलंय हे. लग्न तिने केलंच नाही, आईला बरोबर घेतलं, घरातल्या दासींना बरोबरीने वागवायला लावलं आणि त्यांच्या जमिनीवर बायकांचा मठ उभा राहिला.