लेझरने केस काढताना: आठ सिटिंगमधून कळलेलं

पहिल्या सिटिंगनंतर दहाव्या दिवशी काखेत काळे खुंट दिसायला लागले आणि सगळं वाया गेलं असं वाटलं. प्रत्यक्षात ते केस गळत होते. उष्णतेने मूळ मेलं तरी केसाची काडी त्वचेत तशीच राहते आणि पुढचे एक ते तीन आठवडे हळूहळू वर ढकलली जाते. अंघोळीनंतर ओल्या पंच्याने हलकं पुसलं तर बरेचसे केस सहज निघून येतात. चिमट्याने मात्र उपटायचे नाहीत. नकोच वाटले तर रेझर फिरवावा. ही गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर तो आठवडा चिंतेत गेला नसता, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

लेझर केस ओळखत नाही, काळा रंग ओळखतो. केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, प्रकाश शोषून तापतं आणि ती उष्णता मुळाजवळच्या, नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत जाते. आजूबाजूची त्वचा न भाजता नेमकं लक्ष्य तापवण्याचं हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या संशोधकांनी 1983 मध्ये मांडलं. उपचाराचे जवळजवळ सगळे नियम यातूनच येतात. पांढऱ्या, सोनेरी किंवा लालसर केसात पकडायला पुरेसं गडद मेलॅनिन नसतं, म्हणून त्यांच्यावर लेझर जवळपास निरुपयोगी ठरतो. तिथे एकेका मुळात सुई घालून करायचं इलेक्ट्रोलिसिसच चालतं. आणि मेलॅनिन त्वचेतही असतं, त्यामुळे त्वचा जितकी सावळी तितका भाजण्याचा धोका जास्त.

म्हणून पहिला प्रश्न मशीनबद्दल विचारावा. अलेक्झांड्राइट हा लेझर 755 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर चालतो आणि गोऱ्या त्वचेवर उत्तम काम करतो. डायोड साधारण 800 ते 810 नॅनोमीटरचा, मधला. एनडी-याग 1064 नॅनोमीटरचा. वरच्या थरातलं मेलॅनिन त्याला कमी शोषतं आणि तो खोलवर जातो, म्हणून सावळ्या त्वचेला तो सर्वांत सुरक्षित. त्याचा त्रास जरा जास्त होतो आणि बारीक केसांवर तो कमी पडतो, पण माझ्या सावळ्या त्वचेसाठी मी तोच निवडला. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) हा लेझर नव्हे. त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र असतो आणि गडद त्वचेवर तो जपूनच वापरावा लागतो. ‘आमचं मशीन सगळ्यांना चालतं’ एवढंच उत्तर मिळालं तर मी पुढे जात नाही.

तयारी चार ते सहा आठवडे आधी सुरू होते. वॅक्सिंग, थ्रेडिंग, एपिलेटर, चिमटा, सगळं बंद, कारण मूळच उपटलं तर लेझरने तापवायचं काय? ब्लीचही नको, केसाचा रंगच जातो. शेव्हिंग मात्र चालतं आणि करावंच लागतं: सिटिंगच्या आदल्या दिवशी, अगदी बारीक. केस वर राहिले तर तेच आधी जळतात, त्वचेला चटका देतात आणि मुळापर्यंत उष्णता कमी पोहोचते. ऊन टाळायचं आणि त्वचा रापलेली असेल तर तारीख पुढे ढकलायची. चेहऱ्यावर रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए वर्गातलं) क्रीम लावत असाल, त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करणारी डॉक्सीसायक्लिनसारखी गोळी चालू असेल, ओठांवर नागीण उठण्याची सवय असेल, तर न विचारताही डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात हा उपचार सहसा पुढे ढकलतात.

पूर्ण भाग करण्याआधी छोट्या जागी चाचणी घ्यावी आणि निदान दोन दिवस थांबावं. सावळ्या त्वचेत डाग उशिरा उमटतो, म्हणून तिथे आठवडा-दोन आठवडे थांबणं बरं.

खोलीत गेल्यावर आधी तरंगलांबीला साजेसा गॉगल, तुम्हालाही आणि मशीन चालवणाऱ्यालाही. डोळ्याच्या खोबणीच्या आत, म्हणजे भुवईखाली, लेझर मारायचा नाही. पापणी मिटली तरी प्रकाश आत जातो आणि बुबुळात, पडद्यात मेलॅनिन असतं. तीळ झाकतात आणि टॅटूवरून लेझर फिरवत नाहीत. मग थंडावा: मशीनचं गार टोक, गार हवेचा झोत किंवा प्रत्येक पल्सआधी, म्हणजे प्रकाशाच्या प्रत्येक झटक्याआधी, गार फवारा. थंडावा मध्येच बंद पडला तर तिथेच थांबवायला सांगा. वेदना म्हणाल तर तापलेल्या तेलाचा बारीक शिंतोडा उडावा तशी. नडगी, घोटा, वरचा ओठ इथे ती जास्त, मांडीवर कमी. वरचा ओठ काही मिनिटांत होतो, दोन्ही पाय पूर्ण करायला साधारण तासभर. जळक्या केसांचा वास येतो. तो धूर ओढून घेणारा पंखा तिथे असायला हवा.

बधिर करणाऱ्या मलमाबद्दल थोडं कडक बोलते. लिडोकेनचं मलम दोन्ही पायांवर थापून वर प्लास्टिक गुंडाळणं धोक्याचं आहे. औषध रक्तात उतरून झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. शिवाय दुखणं ही त्वचेची सूचना असते. एखाद्या जागी चटका असह्य असेल तर तो कळलाच पाहिजे, म्हणजे ऊर्जा कमी करता येते.

काम नीट झाल्याची खूण म्हणजे केसाच्या मुळाभोवती लाली आणि बारीक पुरळासारखे उंचवटे. काही तासांत, फार तर दोन दिवसांत ते बसतात. त्वचा लगेच पांढुरकी-राखाडी दिसली किंवा फोड आला तर ती भाजल्याची खूण. तेव्हा थांबून ती जागा गार करावी आणि डॉक्टरांना दाखवावी. नेहमीची काळजी सोपी: कापडात गुंडाळलेला बर्फ, दोन दिवस गरम पाणी आणि घाम काढणारा व्यायाम नको, काखेत डिओडरंट नको, उघड्या भागावर किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन.

पाचव्या सिटिंगला उन्हात रापलेले पाय घेऊन मी गेले आणि समोरच्यानेही विचारलं नाही. मशीनच्या टोकाच्या आकाराचे चौकोनी काळपट डाग पडले आणि फिकट व्हायला कित्येक महिने लागले. मशीनचे मागच्या वेळचे आकडे आज चालतीलच असं नसतं, त्वचा दर वेळी नव्याने पाहावी लागते. उलट प्रकारची चूक म्हणजे जागा सुटणं. तीन आठवड्यांनी पायावर केसांचे सरळ पट्टे दिसले तर तिथे पल्स पडलीच नाही असं समजा आणि फोटो काढून ठेवा.

दोन सिटिंगमधलं अंतर चेहऱ्याला चार ते सहा आठवडे, अंगाला सहा ते आठ, पायांना त्याहून थोडं जास्त. कोणत्याही क्षणी काहीच केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि लेझर प्रामुख्याने तेच मारतो. बाकीचे झोपेत असतात. लवकर गेलात तर मारायला केसच नसतात. सहा ते आठ सिटिंग लागतात, हनुवटीला बहुतेकदा जास्त. तिथे दाट केस असतील आणि पाळी अनियमित असेल तर आधी पीसीओएसची (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सच्या विकाराची) तपासणी करून घ्या. हार्मोन्स नवे केस जाड करत राहिले तर लेझर पुरा पडत नाही. गालावर, मानेवर नुसती पातळ लव असेल तर तिला हात लावू नका. अपुऱ्या उष्णतेने क्वचित तीच लव जाड, काळी होते.

अमेरिकेच्या एफडीए या औषध आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेची मान्यताही केस ‘कायमचे कमी करण्याला’ आहे, पूर्ण नाहीसे करण्याला नाही. माझे काखेतले बहुतेक गेले, पायांवर विरळ आणि मऊ उरले, हनुवटीला वर्षातून एकदा-दोनदा जावं लागतं. दर वेळी मशीन, तरंगलांबी, ऊर्जा (प्रति चौरस सेंटीमीटर ज्यूल) आणि पल्सचा कालावधी लिहून मागून घ्या. जागा बदलली तर नव्या डॉक्टरांना तोच कागद दाखवता येतो.