पूर उतरताना

सोमवार, रात्री

शनिवारी संध्याकाळी इथे स्कॉटलंडात, फॉरेसला लख्ख ऊन होतं. पण तिकडे मोनालियाच्या डोंगरांवर काळंकुट्ट झालेलं, आणि फिंडहॉर्न नदीचा सगळा कारभार त्या डोंगरांच्या हातात. झोपण्याआधी फोनवर पाणीपातळीचा आलेख उघडला तर रेघ उभी चढत निघालेली. मग कसली झोप!

ही नदी जेमतेम शंभर किलोमीटरची. वाटेत पाणी अडवणारं मोठं धरण नाही. डोंगरात पडलेला पाऊस काही तासांत खाली येतो आणि तितक्याच घाईने समुद्राला मिळतो. उन्हाळ्यात पाणी आटलं की समुद्रातून नदीत चढणारे सॅमन मासे खाडीच्या तोंडाशी ताटकळत बसतात. पूर आला की निघाले. चढत्या पाण्यात ते पळत असतात, गळाकडे बघायला त्यांना सवड नसते. पाणी उतरायला लागलं, गढूळपणा निवळला, की डोहाच्या खालच्या अंगाला, मोठ्या दगडांच्या आडोशाला दम खायला थांबतात. माणसाचा डाव असतो तो तेवढ्याच वेळात. तुम्ही कितीही पट्टीचे गळकरी असा, त्या वेळेला कामावर असाल तर सगळं मुसळ केरात.

आणि माझ्या नशिबाने ही वेळ आली ती नेमकी रविवारी. स्कॉटलंडात रविवारी सॅमनला गळ टाकायला कायद्याने बंदी आहे. तास न् तास पाणी सुंदर उतरत होतं आणि आम्ही सगळे हात चोळत काठाने फिरत होतो. मी रँडॉल्फ्स लीपला गेलो. तिथे नदी खडकांच्या चिंचोळ्या घळीतून घुसते. काठावरच्या झाडीत, पाण्यापासून बऱ्याच उंचीवर, १८२९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची खूण सांगणारे दगड आहेत. तेव्हा इथे पाणी पन्नास फूट चढलं होतं. त्या पुरात कुणीतरी छत्रीने सॅमन पकडल्याची गोष्ट इथे सांगतात. खरीखोटी देव जाणे, पण त्या दगडापाशी उभं राहून खाली बघितलं की अशक्य वाटत नाही. खालच्या डोहात एक मोठा मासा धाडकन उडाला. रविवारी ते मुद्दाम उडतात, असं माझं ठाम मत आहे.

आज सुट्टी होती. पहाटेच दिवसाचा परवाना खिशात घालून पाण्यात उतरलो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, गुडघ्याएवढ्या खोलीवर बुटांची टोकं पुसट दिसत होती. म्हणजे उत्तम. कॅस्केड नावाची फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला खोटा किडा, दोराला बांधली, नारिंगी-पिवळ्या केसांची, चमचमत्या शेपटीची. पाणी अजून निवळलं असतं तर बारकी काळी स्टोट्स टेल लावली असती. फेकायची पद्धत ठरलेली: तिरपी पलीकडे, प्रवाहाच्या दिशेने, मग फ्लाय आपली आपण अर्धवर्तुळात काठाकडे येऊ द्यायची. एक पाऊल खाली सरकायचं, पुन्हा तेच. वर मिज नावाची चिलटं कानात घुसतात ते वेगळंच.

नदीत शिरलेला सॅमन काही खात नाही. मग पिसांच्या आणि केसांच्या या खोट्या किड्याला तोंड का लावतो? राग, सवय, कुतूहल, ज्याला जे पटेल ते तो सांगतो. मला रागच वाटतो.

साडेसातच्या सुमारास दोर जड झाला. झटका द्यायचा नाही, हे इथलं पहिलं शास्त्र. बोटात धरलेला दोराचा फेरा सोडला, मासा वळला, आणि मग रॉड उचलला. रीळ किंचाळायला लागलं. एक वर्ष समुद्रात काढून आलेला होता, पाचेक पौंडांचा, चांदीसारखा, शेपटीपाशी अजून समुद्री उवा चिकटलेल्या. गोड्या पाण्यात त्या फार दिवस टिकत नाहीत, म्हणजे गडी नुकताच आत आलेला. गळाला उलटा काटा नव्हता, चटकन सुटला. जाळीतच, पाण्याबाहेर न काढता, तोंड प्रवाहाकडे करून धरला. कल्ले संथ हलत होते. मग मनगटाला शेपटीचा फटका देऊन गेला.

दुपारी आईला फोन केला. ती महाडची. पुरात मासे चढतात हे तिला सांगावं लागत नाही, चढणीच्या माशांवर ती वाढलीय. पण सोडून दिला म्हटल्यावर: "सोडायचा होता तर पकडलास कशाला? गाभोळी होती का बघितलंस तरी?" तिला सांगितलं, २०२३ मध्ये अख्ख्या स्कॉटलंडात गळाने जेमतेम साडेबत्तीस हजार सॅमन मिळाले, १९५२ पासूनच्या नोंदींत तोवर सगळ्यांत कमी. आता शेकडा नव्वदच्या वर लोक सोडूनच देतात. काही नद्यांवर तर मारायला सक्त मनाई आहे. ती म्हणाली, "बरं. मग आज जेवलास काय?" अंडा करी.

दुपारनंतर पाणी फार उतरलं, कुणाला काही लागलं नाही.

गुरुवारी पुन्हा पाऊस सांगितलाय. म्हणजे शुक्रवारी पाणी उतरेल, आणि शुक्रवारी माझी सकाळची पाळी. सप्टेंबरअखेर हंगाम संपतो, तेव्हा पुढच्या वेळी बघू म्हणायची सोय नाही. उद्या शिफ्ट बदलायचं एकाला विचारतो. त्याला मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही, पण त्याला रविवारची सुट्टी हवी असते. रविवारी कामावर जायला माझी काहीच हरकत नाही.