कोर्समध्ये खंड पडणारच, हे धरून चला

स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा जुनं नैराश्य असे मानसिक आजार असलेल्यांसाठी ऑनलाइन कोर्स बनवताना मंडळी व्हिडिओच्या झगमगाटावर वेळ घालवतात. कोर्स सुटतो तो वेगळ्याच ठिकाणी. गोळ्यांचा डोस बदलतो, शिकणारा पंधरा दिवस गायब होतो, आणि परत उघडल्यावर लाल अक्षरात ‘१२ धडे बाकी’ दिसतं. तो तिथेच बंद करतो.

म्हणून परतीची पायरी आधी आखा. खंडानंतर पहिला पडदा एवढंच दाखवेल: मागच्या धड्याची तीन मिनिटांची उजळणी आणि एक सोपं काम. बाकीचा हिशेब लपवा. कडक अंतिम तारखेऐवजी दुप्पट मुदत द्या. शिकणारा सात दिवस दिसला नाही, तर आपोआप जाणाऱ्या संदेशाऐवजी कोर्सच्या माणसानेच फोन करावा. मात्र कोणाला करायचा, हे प्रवेशाच्या वेळीच त्याला विचारून ठेवा. घरच्यांना परस्पर सांगू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. खरं तर फॉर्ममध्ये आजाराचं नावच कशाला? ‘कॅमेरा नको’, ‘सूचना लेखी हव्यात’, ‘वेग कमी हवा’ एवढं विचारलं की पुरतं.

धडा पाच-सात मिनिटांचा, एका वेळी एकच गोष्ट. स्किझोफ्रेनियात लक्ष आणि ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं कमी पडतं, त्यामुळे तोंडी चार पायऱ्या एकदम सांगितल्या की तिसरी हरवते. त्या पडद्यावर लिहून ठेवा. बायपोलरवरच्या लिथियम या औषधाने हात थरथरू शकतात, काही गोळ्यांनी जवळचं धूसर दिसतं. बटणं मोठी हवीत. ओढून जुळवायची कोडी आणि घड्याळ लावलेली टायपिंग परीक्षा नकोच.

क्लोझापाइन, ओलान्झापाइन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळ्यांची सुस्ती सकाळी उतरत नाही, नैराश्यातही बऱ्याच जणांची सकाळच जड जाते. नागपुरात मे महिन्यात दुपारी कूलरच्या घरघरीत माइकवर काही ऐकू येत नाही. लाइव्ह तास संध्याकाळीच ठेवा. मध्ये पाणी प्यायची सुट्टीही द्या: शरीरातलं पाणी कमी झालं, की लिथियमची रक्तातली पातळी वाढते.

सगळे धडे एकदम उघडे ठेवू नका. बायपोलरमधल्या उन्मादाच्या, म्हणजे अतिउत्साहाच्या, भरात माणूस रात्रभर जागून कोर्स उरकतो, आणि झोप गेली की आजार आणखी बळावतो. रात्री दहानंतर कोर्स बंद राहू द्या. संशय मनात घर करून असेल, तर ‘आम्ही तुमची प्रगती पाहत आहोत’ असा संदेश घात करतो. रेकॉर्डिंग होणार असेल तर आदल्या दिवशी सांगा.

शिकवणारा डॉक्टर नाही. चॅटमध्ये कोणी जीव नकोसा झाल्याचं लिहिलं तर कोण, किती मिनिटांत, कोणाला फोन करणार, हे कागदावर ठरलेलं असावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तासांचा क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी द्या, पण तो दिला म्हणून शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. चॅटवर कोणी नजर ठेवणार नसेल, तर चॅटच काढून टाका.