ओमेगाचा पिच्छा: पिथियात 'रोप' चालू केल्यावर

सध्या पिथिया ८ (कणांच्या टकरींचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम) घेऊन एकाच आकृतीच्या मागे लागलोय: सर्नच्या ॲलिस प्रयोगाच्या २०१७ च्या 'नेचर फिजिक्स'मधल्या निबंधातली. ७ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत जितके जास्त कण निघतात, तितकं स्ट्रेंज कणांचं (ज्यांत स्ट्रेंज क्वार्क असतो) हलक्या, नेहमीच्या पायॉनांशी असलेलं प्रमाण वाढतं. लॅम्डापेक्षा (एक स्ट्रेंज क्वार्क) क्साय (दोन) जास्त चढतो, क्सायपेक्षा ओमेगा (तीन). गर्दीच्या टकरींत तर ते शिसं-शिसं टकरींच्या आकड्यांजवळ जातं.

मोनॅश ट्यूनवर (पिथियाच्या नेहमीच्या सेटिंगच्या संचावर) माझ्या रेषा जवळपास आडव्याच आल्या, आणि यात नवल नाही. पिथिया ज्यावर चालतं त्या लुंड मॉडेलमध्ये क्वार्क लांब जाताना मधली स्ट्रिंग (त्यांना जोडणारी बळाची दोरी) ताणली जाते नि तुटते तिथे क्वार्क-प्रतिक्वार्काची जोडी जन्मते. ताण फर्मीमागे (१०⁻¹⁵ मीटरमागे) सुमारे १ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे जवळपास १६ टन वजनाची ओढ! स्ट्रेंज जोडी जड, म्हणून तिची शक्यता हलक्या जोडीच्या ०.२१७ पट धरलेली. हा आकडा मुख्यतः लेप या सर्नच्या जुन्या यंत्रातल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींवर बसवलाय. शेजारी कितीही स्ट्रिंगा असोत, तो हलत नाही.

रोप मॉडेल नेमकं इथेच हात घालतं. स्ट्रिंगा एकमेकींवर आल्या की मिळून एक रोप बनते नि ताण वाढतो. ताण h पट झाला, तर ०.२१७ चा १/h वा घात घ्यायचा. कागदावर करून बघा: ताण फक्त २० टक्के वाढवला तरी ०.२१७ चं ०.२८ होतं, म्हणजे १.२९ पट. ओमेगात तीन स्ट्रेंज क्वार्क, त्यामुळे ढोबळ हिशेबाने दुपटीच्या वर. डायक्वार्कची (दोन क्वार्कांच्या जोडगोळीची) भानगड यात धरलेली नाही, पण चढाचा क्रम का तसा लागतो ते लगेच कळतं.

सेटिंगबद्दल दोन गोष्टी, कारण तुलना इथेच बिघडते. गर्दी मोजायची ती पुढच्या-मागच्या कोनांत, ॲलिसच्या व्हीझीरो डिटेक्टरच्या पट्ट्यात. कण मोजायचे ते मधल्या भागात. दोन्ही एकाच पट्ट्यात मोजलं तर निवडच कलते. आणि क्षयाची मर्यादा (सरासरी इतकं अंतर जाण्याआधी फुटणारेच कण फोडायचे) १० मिलिमीटरवर ठेवा, म्हणजे लॅम्डा नि के-शॉर्ट (हाही स्ट्रेंज कण) तसेच राहतात, त्यांचे पायॉन भाजकात शिरत नाहीत. रोपसाठी पार्टॉनांच्या जागा ठरवणारं सेटिंगही चालू लागतं. रन बराच रेंगाळतो.

रोप चालू केल्यावर क्साय चढला, ओमेगाही चढतोय, पण तो इतका दुर्मीळ की शेवटच्या, सर्वांत गर्दीच्या बिनमध्ये एररबार अजून ताडमाड आहेत. खरी कुरकुर प्रोटॉनची. ताण वाढला की डायक्वार्कही स्वस्त होतात नि प्रोटॉन त्यांतूनच बनतात, त्यामुळे प्रोटॉन-पायॉन प्रमाणही वर सरकतं. ॲलिसच्या मापनात ते जवळपास सपाट आहे. डिप्सी या दुसऱ्या सिम्युलेशनच्या रोपांनाही हीच अडचण आली होती. पुढच्या रनमध्ये रंग-पुनर्जोडणीचं (स्ट्रिंगा तुटण्याआधी नव्याने जोडणारं) जंक्शनवालं मॉडेल लावून प्रोटॉन कुठे जातो ते बघतो. कोणी आधीच केलं असेल तर आकडे टाका.