तुम्ही विचारलंत म्हणून : मानसशास्त्राची कोणती जर्नल्स घ्यावीत?

"कॉलेज छोटं, मानसशास्त्राला मुलं थोडी, पैसे चार-पाच जर्नल्सच्या वर्गणीपुरतेच. कोणती घेऊ?" लहान कॉलेजांतले ग्रंथपाल मला हे नेहमी विचारतात.

माझं उत्तर : आधी समीक्षालेखांची, म्हणजे एखाद्या विषयावर झालेल्या संशोधनाचा एकत्र आढावा घेणारी जर्नल्स घ्या, प्रयोगांची नंतर.

इम्पॅक्ट फॅक्टर बघून निवड करू नका. गेल्या दोन वर्षांतल्या लेखांचे संदर्भ इतरांनी सरासरी किती दिले, एवढंच तो आकडा सांगतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला विस्मरणावर निबंध लिहायचाय आणि हातात एक आठवडा आहे. एका प्रयोगावरचा तीस पानांचा लेख दिला, तर ती सारांश उतरवून घेते आणि जाते. तिला 'करंट डिरेक्शन्स इन सायकॉलॉजिकल सायन्स' द्या. 1992 पासून निघणाऱ्या या द्वैमासिकातले लेख छोटे असतात, त्या विषयात मुरलेल्या माणसाने बाहेरच्या वाचकासाठी लिहिलेले. शेवटी पुढे काय वाचावं याची निवडक यादी असते. ती यादी घेऊन मुलगी परत काउंटरवर येते, आणि तिचं खरं वाचन तिथून सुरू होतं.

दुसरं, 'अ‍ॅन्युअल रिव्ह्यू ऑफ सायकॉलॉजी'. 1950 पासून वर्षाला समीक्षालेखांचा एक खंड. पुरेशा ग्रंथालयांनी वर्गणी चालू ठेवली, तर त्या वर्षाचा खंड सगळ्यांना खुला करायचा, अशी त्यांची अलीकडची योजना आहे. पैसे नसतील तर खुला खंड वापरा. पण थोडे जरी असले तरी वर्गणी भरा. भरणारे आहेत म्हणूनच तो खुला होतो.

उरलेली एक-दोन अभ्यासक्रमावरून ठरवा. बालविकास शिकवत असाल तर 1930 पासूनचं 'चाइल्ड डेव्हलपमेंट' आहेच. प्राध्यापकांना "कोणतं जर्नल हवं?" असं विचारू नका, ते स्वतःच्या संशोधनाचं सांगतात. "गेल्या वर्षी मुलांना कोणते लेख वाचायला सांगितलेत?" असं विचारा. मी एकदा वर्षभराचा वापर कमी दिसला म्हणून एक जर्नल बंद केलं. तो विषय एक वर्षाआड शिकवला जातो, हे मला ठाऊकच नव्हतं. पुढच्या वर्षी मुलं मागायला आली आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. तेव्हापासून तीन वर्षांचे आकडे बघितल्याशिवाय मी काहीच बंद करत नाही.

डेटाबेसमध्ये, म्हणजे अनेक जर्नल्स एकत्र देणाऱ्या ऑनलाइन संग्रहात, जर्नलचं नाव दिसलं, तरी ताजे अंक मिळतात का ते तपासा. अनेकदा ते वर्षभर उशिरा येतात.

आणि प्रयोगांचं एकच घेता येणार असेल, तर मी 'सायकॉलॉजिकल सायन्स' घेईन. 2015 मध्ये 100 जुन्या अभ्यासांच्या फेरतपासणीचा निकाल आला. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडता येणार नाही असा होता, पुन्हा करून पाहिल्यावर 36 टक्क्यांतच. त्या शंभरातले बरेच अभ्यास याच जर्नलमधले होते. त्याआधीच, 2014 पासून, आपली आकडेवारी किंवा प्रयोगाचं साहित्य खुलं करणाऱ्या लेखांवर हे जर्नल तशी खूण छापू लागलं होतं. आकडेवारी खुली असलेला लेख मिळाला की सांख्यिकीच्या तासाला मुलांना तीच आकडेवारी उतरवून घेऊन गणित स्वतः करून बघता येतं. असा लेख दिसला की मी तो त्याच दिवशी सांख्यिकी शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलावर ठेवते.