नवासीत 'उन' कुठंय?

मी इंदौरला डीएडच्या मुलांना गणित कसं शिकवायचं ते शिकवते, आणि इंटर्नशिप सुरू झाली की शाळाशाळांतून मागच्या बेंचवर बसून त्यांचे पाठ बघते. त्या दिवशी परदेशीपुऱ्याकडची एक हिंदी मीडियमची शाळा होती, तिसरीचा वर्ग, आणि पाठ घेणारी आमची विद्यार्थिनी मूळची केरळची, हिंदी इथं येऊन शिकलेली.

तिनं संख्यांचं डिक्टेशन घेतलं. एका मुलीच्या वहीत तिरसठ ६३ बरोबर, अड़सठ ६८ बरोबर, पण उनसठ म्हणजे ५९ चे ६९, उनहत्तर म्हणजे ६९ चे ७९, उन्यासी म्हणजे ७९ चे ८९, आणि शेवटी नवासीचे पण ८९! तीन लाल फुल्या. "मैम, ये सुनती ही नहीं ठीक से", इति केरळवाली. तिच्यासोबत पाठाला आलेला आमचा दुसरा विद्यार्थी इंदौरचाच, तो म्हणाला गिनती रटी नहीं है. झालं, निदान संपलं.

मला तर वही बघून मजाच वाटली, कारण पोरगी अगदी बरोबर ऐकत होती हो. इकसठपासून अड़सठपर्यंत जिथं जिथं 'सठ' ऐकू येतं तिथं पुढं ६ लिहायचा, मग उनसठलाच ५ का लिहायचा? आपल्याकडे एकोणसाठचीही तीच गंमत, लहानपणी मीही ६९ लिहून मार खाल्लाय. केरळवालीला हे दिसणं कठीणच, मल्याळममध्ये सरळ पन्नास-नऊ म्हणतात, चिनी भाषेत पण पाच-दहा-नऊ. (२०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात बासष्टला 'साठ दोन' हा पर्याय दिला तेव्हा व्हॉट्सॲपवर काय जोक आले होते, पण दुखणं खरंच होतं.)

आता माझी शेखी ऐका. मी दरवर्षी वर्गात गणितशिक्षणाच्या अभ्यासक लिपिंग मा यांचं १९९९ चं काम सांगते, त्यात २३ अमेरिकन आणि ७२ चिनी शिक्षकांना विचारलं होतं. पोरांनी १२३ गुणिले ६४५ करताना ६१५, ४९२, ७३८ एकाखाली एक न सरकवता लिहून बेरीज १८४५ काढली तर तुम्ही काय कराल, तर बरेच अमेरिकन शिक्षक म्हणाले की आकडे नीट सरकवून लिहायला शिकवू, आणि चिन्यांतले बहुतेक म्हणाले ते ४९२ नाहीतच, ४९२ दशक आहेत. म्हणजे चूक एकच, बघणाऱ्याला दिसतं वेगळं. हे सगळं सांगणारी मी, म्हणून वाटलं चला, आपणच दाखवू.

मुलीला जवळ घेतलं, म्हटलं गिन तो बेटा. सत्तावन, अट्ठावन, उनसठ, साठ, आणि ती थांबलीच. "साठ तो बाद में आया!" स्वतःच रबर काढून ५९ केलं. मी खूश! लगेच ज्ञान दिलं, कि नौ वाले सब ऐसे ही होते हैं, अगली दहाई से एक कम. तिनं ७९ चे ६९ केले, ८९ चे ७९ केले, आणि शेवटचे नवासीचे ८९, जे मुळात बरोबर होते, ते पण खोडून ७९ करून टाकले.

मी अजून शाबासकीच्याच मूडमध्ये. तेवढ्यात केरळवाली हळूच म्हणाली, "मैम, पर नवासी में 'उन' कहाँ है?"

अरे देवा. माझ्या डोक्यात एकोणनव्वद वाजत होतं! मराठीत ८९ ला 'एकोण' आहे, हिंदीत नाहीच, नवासी सरळ ऐंशीच्या घरातला. तिनं हे सगळे शब्द मोठेपणी एकेक करून पाठ केले असणार, म्हणून तिला खटकलं, आणि मी इंदौरात जन्म काढून हिंदी संख्या मराठीतून ऐकते.

मुलीला सांगितलं, बेटा मैडम की गलती है, वापिस ८९ कर. तिनं केले, पण आता तिला संशय आला होता, रबर हातातच धरून विचारते, "और निन्यानवे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात केरळवालीनं माझा हात दाबला आणि तिलाच विचारलं, "तू बता, उसमें क्या सुनाई दे रहा है?"